समोरासमोर ठेवलेले दोन टेप

माझ्याकडच्या एका कॅसेटवर निळ्या शाईत एवढंच लिहिलेलं आहे : ‘वामनदादा, रात्र, २’. गाव नाही, साल नाही, पहिल्या नंबरची कॅसेट कुठं गेली त्याचा पत्ता नाही. रिसोडला टेप दुरुस्त करणाऱ्या एका कारागिरानं दुकान बंद करताना एक खोकं मला दिलं, त्यात ती होती. मी ती अधूनमधून लावतो आणि दर वेळी तिचं गाव शोधतो. दोन गाण्यांच्या मधे एकदा रेल्वेची शिट्टी येते. गायक थांबतो. गाडी जाईपर्यंत हार्मोनियमवाला नुसता सूर धरून बसतो. गाडी गेल्यावर गर्दीतून कुणीतरी काहीतरी बोलतो आणि सगळे हसतात. म्हणजे गाव रुळाच्या कडेचं. आमच्या वाशीमकडं तेव्हा रूळ म्हणजे पूर्णा-खांडवा मीटरगेजची वाट. अकोल्यापर्यंतची ती वाट २००८ मध्ये ब्रॉडगेज झाली, तेव्हा रेकॉर्डिंग त्याच्या बरंच आधीचं. गाव जऊळका असेल, नाहीतर वाशीमचीच एखादी वस्ती असेल. पुढं माईकवरून कुणीतरी सांगतो की सायकलची किल्ली सापडली आहे, ज्याची असेल त्यानं विहारापाशी येऊन न्यावी.

आवाज वामनदादांचा नाही, हे कळायला मला फार वेळ लागला. वामनदादा कर्डक मूळचे सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे. जन्म १९२२ चा, गेले २००४ मध्ये. हजारो गाणी रचली आणि ती घेऊन गावोगाव फिरले, लोकांच्या घरी उतरले, त्यांच्याच ताटात जेवले. त्यांच्या गाण्यांपैकी फार थोडी रेकॉर्डवर आली. बाकीची या तोंडातून त्या तोंडात गेली. वऱ्हाडातल्या कितीतरी गायन पार्ट्या रात्र रात्र त्यांचीच गाणी म्हणत. कॅसेट भरणाऱ्यानं गाण्याच्या धन्याचं नाव लिहिलं. गाणारा कोण होता हे त्याला लिहिण्यासारखं वाटलं नसावं. त्यात त्याची चूक आहे असं मला वाटत नाही. अमेरिकन गायक बॉब डिलनच्या १९६६ मधल्या एका कार्यक्रमाचं रेकॉर्डिंग चोरट्या प्रतींतून जगभर ‘रॉयल अल्बर्ट हॉल’ या नावानं फिरत राहिलं. प्रत्यक्षात ते लंडनचं नव्हतं, १७ मे रोजी मँचेस्टरच्या फ्री ट्रेड हॉलमध्ये भरलेलं होतं. १९९८ मध्ये कंपनीनं ते अधिकृतपणे काढलं तेव्हाही ते जुनं चुकीचं नाव अवतरणचिन्हात ठेवावं लागलं, कारण लोक त्याला त्याच नावानं ओळखत होते. माझ्या कॅसेटवरही मी ‘वामनदादा’ खोडलेलं नाही.

अशा चोरट्या रेकॉर्डिंगला इंग्रजीत जो ‘बूटलेग’ शब्द आहे, तो बुटाच्या गळ्यात दारूची बाटली लपवून नेणाऱ्यांवरून आला. तिकडं टेप कोटाखाली लपवून न्यावा लागे. आमच्याकडं लपवण्याचा प्रश्नच नव्हता. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत लागलो तेव्हा वाशीम अजून अकोला जिल्ह्यात होतं. वेगळा जिल्हा १ जुलै १९९८ ला झाला. मानोरा आणि मंगरूळपीर तालुक्यांत माझ्या बदल्या होत राहिल्या आणि जिथं गेलो तिथं रात्रीचे कार्यक्रम ऐकत गेलो. तुकडोजी महाराजांची भजनं खंजिरीवर म्हणणारी मंडळं, चौदा एप्रिलच्या आगेमागे भीमगीतांच्या पार्ट्या, उरुसातले कव्वालीचे सामने, सप्त्यातली कीर्तनं, रामनवमीला पोहरादेवीच्या वाटेवर बंजारा बायांची गाणी. स्टेजच्या कडेला, नाहीतर भोंग्याच्या तोंडाखाली, चार-पाच टेप ओळीनं मांडलेले असत. एखादा बुवा कीर्तन सुरू करण्याआधी विचारी, ‘झाले का सगळ्यायचे टेप चालू?’ मगच टाळ वाजे.

टेप म्हणजे आमच्या भाषेत ते यंत्र. आतली ती कॅसेट, आणि कॅसेट ‘भरायची’. कोऱ्या कॅसेटचे पैसे शिक्षकाच्या पगारातून सहज निघत नसत, म्हणून बाजारातली सिनेमाची कॅसेट घेऊन तिच्या डोक्यावरची मोडलेली खाच कागदानं बुजवायची आणि तिच्यावर भजन भरायचं. साठ मिनिटांची कॅसेट अर्ध्या तासाला उलटावी लागे, नव्वदची पाऊण तासाला. एकशेवीसची मी कधी घेतली नाही. तिची फीत इतकी पातळ की टेपच्या पोटात गुंडाळी होऊन बसे. कॅसेट उलटताना जे गाणं निसटे ते कायमचं गेलं. माझ्या संग्रहात अशी शंभरेक भोकं असतील. बुवा एखादं उदाहरण द्यायला लागतात, नांगरणीचं नाहीतर सुनेचं, उदाहरण रंगात येतं आणि खट्ट. पुढच्या बाजूला लोक हसून हसून थांबत आलेले असतात. त्या हसण्याचं कारण आता कोणालाच सांगता येणार नाही.

दुसरी अडचण विजेची. रात्री दिवे जात. साउंडवाल्याकडं बॅटरी असे, आमच्या टेपात मोठे सेल. ते सेल आधीच चार कार्यक्रम झालेले, दुपारी उन्हात ठेवून जरा ताजे केलेले. रात्र चढते तसे सेल उतरतात, फीत हळू सरकते. नंतर घरी विजेवर टेप लावला की फीत नेहमीच्या वेगानं पळते आणि बुवांचा आवाज रात्रीबरोबर वर वर चढत जातो. पहाटेच्या भैरवीला सत्तर वर्षांचा म्हातारा पोरासारखा गातो. हे कसं दुरुस्त करावं ते मला एका पेटीमास्तरांनी शिकवलं. माणसाचा गळा चढेल-उतरेल, तबला उतरेल, पेटीच्या पितळी सुऱ्या एका रात्रीत बदलत नाहीत, म्हणाले. कार्यक्रम काळी एकमध्ये सुरू झाला असेल आणि कॅसेटीच्या शेवटी तीच पेटी काळी दोन वाजवत असेल, तर मधला फरक सेलचा. तेवढा वेग कमी कर. आता संगणकावर मी तसंच करतो. पेटीचा सूर धरून पाच-पाच मिनिटांचे तुकडे जागेवर आणतो. एक रात्र जागेवर आणायला आठवडा जातो. त्या आठवड्यात मला दुसरं काही सुचत नाही.

पण या कॅसेटींनी मला खरं जे दिलं, ते त्या स्वस्त टेपच्या एका खोडीमुळं. त्यात माईक आतच बसवलेला असे आणि आवाज कमी-जास्त करायचं काम यंत्र स्वतःच करी. मोठा आवाज आला की ते त्याला दाबे. शांतता झाली की ते कान टवकारून दूरचं काहीही ओढून आणी. गायक गातो तोवर फक्त गायक. तो श्वास घ्यायला थांबला की रातकिडे पुढं येतात, पोर रडतं, कुणीतरी पानाची पिचकारी टाकतो, मागच्या बाया आपसात बोलतात. पुन्हा तान सुरू झाली की सगळं गाव मागं सरतं. असं रात्रभर. गाणं आणि गाव आळीपाळीनं श्वास घेत असल्यासारखं ते ऐकू येतं. स्टुडिओत भरलेल्या कुठल्याही गाण्यात मला हे मिळालं नाही.

आणि बक्षिसं! गाणं भर रंगात असताना पेटी थांबते आणि मंडळाचा माणूस वाचतो : अमक्या पाटलांकडून अकरा रुपये, तमक्या बाईकडून मुलाच्या पास होण्याबद्दल पाच रुपये, शाळेच्या गुरुजींकडून एकवीस, पार्टी आभारी आहे. सुरुवातीला मी हे सगळं गाळून कॅसेट भरत असे. गाणी तेवढी सलग हवी होती मला. आता ती गाळलेली नावं आठवून पोटात कालवतं. पाच रुपये देणाऱ्या त्या बाईचं नाव तिच्या रेशनकार्डाशिवाय आणखी कुठं नोंदलं गेलं असेल? तिच्या मुलाच्या पास होण्याची बातमी भोंग्यातून शिवारभर गेली होती. ती माझ्याजवळ होती आणि मी ती पुसली.

वऱ्हाडातल्या माणसाला हे कळायला उशीर व्हायला नको होता. गाडगेबाबांचं कीर्तन आम्ही सगळ्यांनी कॅसेटीवरच ऐकलं आहे. १९५६ च्या नोव्हेंबरात मुंबईला वांद्र्याला त्यांचं कीर्तन झालं, ते भरून ठेवलं गेलं. पुढच्याच महिन्यात, २० डिसेंबरला, बाबा गेले. त्या कीर्तनातून समोर बसलेली माणसं काढून टाकली तर काय उरेल? बाबा विचारतात, लोक उत्तर देतात. बाबा पुन्हा तेच विचारतात, आता उत्तर जरा मोठ्यानं येतं. लोक हसतात ते चूक कळून हसतात. बाबांचं कीर्तन त्यांच्या एकट्याच्या तोंडात कधी नव्हतंच, अर्धं समोरच्या गर्दीच्या तोंडात होतं. कागदावर ते उतरवून काढणाऱ्यांनी मोठं काम केलं आहे, पण बाबांच्या प्रश्नानंतरचा तो अर्ध्या क्षणाचा गप्पपणा, लोक एकमेकांकडं पाहतात तेवढा, तो फक्त फितीवर आहे.

हा नाद जगात जुना आहे. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेराचे ग्रंथपाल लायनेल मेपल्सन यांनी १९०१ ते १९०३ या काळात एडिसनच्या यंत्रावर मेणाच्या नळ्यांमध्ये चालू ऑपेराचे दोन-दोन मिनिटांचे तुकडे भरले, त्यातले कित्येक रंगमंचाच्या वरच्या फळ्यांवर यंत्र ठेवून. आज त्या नळ्यांत खरखर जास्त आणि गाणं कमी आहे. तरी झां द रेश्के या त्या काळच्या मोठ्या गायकाचा गळा कसा होता ते आज कुणाला ऐकायचं असेल तर त्या खरखरीतच कान घालावा लागतो. पुढं अमेरिकेतल्या ग्रेटफुल डेड या मंडळींनी १९८४ पासून आपल्या कार्यक्रमात टेपवाल्यांसाठी वेगळी जागाच राखली. अट एवढीच, की आपसात द्या-घ्या, विकू नका. मला ती आमच्या भोंग्याखालची जागा वाटते.

आपल्याकडं मोठ्या गवयांच्या बाबतीत मात्र निराळंच घडलं. भास्करबुवा बखले १९२२ मध्ये गेले, अल्लादियाखाँसाहेब १९४६ मध्ये. कोलकात्यात गौहरजानचं गाणं १९०२ मध्येच तबकडीवर आलं होतं, म्हणजे यंत्र दारात उभं होतं. तरी या दोघांचा आवाज आपल्याला ऐकायला मिळत नाही. केसरबाई केरकर आपली मैफल कुणी भरून घेऊ नये याबद्दल फार कडक होत्या. त्यांच्या नकाराचा मी आदर करतो. आपलं गाणं कुणाच्या कपाटात राहावं हे ठरवण्याचा हक्क गाणाऱ्याचाच. तरीही भास्करबुवांचं वर्णन वाचताना मनात येतंच की एखाद्या आगाऊ माणसानं पडद्यामागं यंत्र ठेवलं असतं तर. ही दोन्ही मतं माझ्यात एकाच वेळी आहेत आणि त्यांचा निकाल मला लावता येत नाही. आमच्याकडच्या गायकांना नकार द्यायची वेळच आली नाही. त्यांना कुठली कंपनी विचारायला गेलीच नाही. त्यांचं जे काही राहिलं ते त्या ओळीनं मांडलेल्या टेपांमुळं.

पैशाचा विषय आला की मात्र माझ्या मनात काही संदिग्ध नाही. जत्रेत अशा कॅसेटी विकायला असत, वर झेरॉक्स केलेला फोटो, गायकाचं नाव कधी असे कधी नसे. विकणारा एका रात्रीच्या कार्यक्रमाच्या दोनशे प्रती काढी. गाणारा पहाटे सुपारीचे पैसे वाटून घेऊन, पेटी डोक्यावर धरून पहिल्या एसटीला उभा राही. ती चोरी होती. त्यातल्या काही कॅसेटी मीही विकत घेतल्या आहेत. आपला १९५७ चा कॉपीराइट कायदा गाणाऱ्याचा वेगळा हक्क मानत नव्हता. तो १९९४ च्या दुरुस्तीनं आला. त्याच दुरुस्तीनं स्वतःच्या ऐकण्यासाठी किंवा अभ्यासासाठी कुणी भरून घेतलं तर तो गुन्हा नाही असंही म्हटलं. गावातल्या माणसांना ही रेषा कायद्याआधीच ठाऊक होती. कॅसेट मागणाऱ्याला भरून द्यायची, कोऱ्या कॅसेटचे पैसे घ्यायचे, वर चहा प्यायचा.

मी मात्र भरून देत नसे. हे मला लिहिलंच पाहिजे.

मंगरूळपीर तालुक्यातल्या ज्या गावी मी नोकरीला होतो, तिथं खंजिरीवर भजन म्हणणारा एक गायक होता. दिवसा दुसऱ्याच्या वावरात कामाला जायचा. आवाज जाडसर, वरच्या पट्टीत गेला की थोडा फाटायचा, आणि त्या फाटण्यातच काहीतरी असं होतं की माणूस जागचा हलत नसे. १९९१ च्या कोजागिरीला मी त्याची एक नव्वदची नवी कॅसेट भरली. त्या रात्री वीज गेली नाही, वारा नव्हता, मी भोंग्यापासून दूर त्याच्या समोरच टेप ठेवला होता. इतकं चांगलं मला आधी कधी साधलं नव्हतं, नंतरही नाही. लोक मागायला आले. मी म्हणायचो, दर वेळी वाजवली की फितीवरचा लेप झिजतो, नंतर पाहू. कपाटाला कुलूप लावलं. माझ्याकडं आहे आणि दुसऱ्या कुणाकडं नाही, याचा आनंद मला होत होता. दुसरं कारण नव्हतं.

एकाला मात्र नाही म्हणता आलं नाही. वाशीमहून मी ज्या काळीपिवळीनं ये-जा करायचो तिचा ड्रायव्हर त्याच गावचा. रोज विचारायचा. रोज पुढच्या सीटवर जागा ठेवायचा. शेवटी एका रविवारी शेजाऱ्यांचा टेप मागून आणला. दोन कॅसेटींची मोठी मशीन दुकानात होती, पण माझी कॅसेट दुकानात द्यायचा धीर मला नव्हता. तेव्हा घरोघरी करायचे तसं केलं. खाटेवर दोन टेप समोरासमोर ठेवले, तोंडाला तोंड, एक वाजता, एक भरता. दारं-खिडक्या लावल्या, पंखा बंद केला आणि घरात तंबी दिली की नव्वद मिनिटं कुणी बोलायचं नाही.

मूळ कॅसेट पुढं तीन पावसाळे मी उघडलीच नाही. उघडली तेव्हा फितीवर पांढरी बुरशी होती, थर एकमेकांना चिकटलेले. स्पिरिटच्या बोळ्यानं पुसून, पेन्सिलीनं गुंडाळून पाहिलं. पहिल्या दहा मिनिटांतच लेप हाताला लागला आणि फीत तुटली. गायक त्याआधीच वारला होता. त्याचा नातू पुण्यात नोकरीला लागला; त्यानं आजोबांना पाहिलंही नव्हतं. तो आवाज मागायला आला, खुर्चीत बसला, आणि मला त्याच्यापुढं रिकामे हात ठेवावे लागले. तुमच्यापाशी आहे असं सगळं गाव सांगते गुरुजी, तो म्हणाला.

मग मी ड्रायव्हरला शोधत गेलो. काळीपिवळी केव्हाच विकली होती, टेप मात्र काढून घरी ठेवला होता. कॅसेट तेलकट, कव्हर नाही, कागद धुवून निघालेला. प्रत कसली, सावलीची सावली. कितीदा वाजली असेल याचा हिशोब नाही. उन्हात डॅशबोर्डावर तापली, धूळ खाल्ली. आणि तिला बुरशी लागली नव्हती. त्यानं टेपाला वायर जोडली, खाटेवर माझ्या शेजारी बसला आणि बटण दाबलं.

खरखरीतून खंजिरी वर आली. मग आवाज. फाटायचा तिथंच फाटला. दोन भजनं झाली. तिसऱ्यात ठेका वाढत गेला, आणि तो एकदम बोट वर करून म्हणाला,

‘गुरुजी, आता थे बाई जेवाले बोलावते पाहा.’

मला काही कळलं नाही. तेवढ्यात भजनाच्या मागून, बंद दाराच्या पलीकडून आल्यासारखी हाक आली. ‘अरे, भाकरी थंड्या होऊन रायल्या. चाल ना आता.’

आईला जाऊन तेव्हा तेरा वर्षं झाली होती. तिचे फोटो होते. शेकडो कॅसेटी भरणाऱ्या माझ्या घरात तिच्या आवाजाची एकही नव्हती.

‘पंधरा वर्सं वाजवली गाडीत,’ तो सांगत होता. ‘सगळ्या सीटायले पाठ झालं होतं. इथं आलं की पोट्टे तिच्यासंग म्हनत, चाल ना आता. कोन होय हो थे?’

मी सांगितलं.

त्यानं टेप थांबवला. फीत थोडी मागं घेतली आणि पुन्हा लावली.